शेजारच्या अण्णांची शिकवणी

बेळगावच्या कॅम्पात मिलिटरीची कुत्री शिकवलेले एक अण्णा निपाणीत आमच्या शेजारी राहायचे. स्वतःच्या कुत्र्याला त्यांनी कधी काठी दाखवली नाही. ते माझ्या कोंबड्यांवर धावलं नाही, की "शाब्बास रं!" म्हणून भाकरीचा तुकडा द्यायचे.

मी ओरडायची, "एक जरी कोंबडी गेली तर कुत्र्याला जित्ता सोडणार न्हाय!" ते ऐकून घ्यायचे. मी ओरडले नाही, त्या दिवशी मात्र डबी उघडून मला तंबाखूची चिमूट द्यायचे.

पुढे कुत्रं कोंबड्यांतून निमूट चालायला लागलं. त्यांची बायको म्हणाली, "आक्का, तुम्ही बी लई शांत झालासा!"

तेव्हा कळलं, कुत्र्याबरोबर माझीही शिकवणी चालली होती. मी तडक जाऊन अण्णांना शिव्या घातल्या. त्यांनी हातातली डबी मिटली. मी गप्प झाले.

"शाब्बास!" म्हणत त्यांनी डबी उघडली.