मी बिघडवलेला कुत्रा
भर सभेत तो कुत्रा मालकाच्या पायांजवळून उठला आणि सरळ येऊन माझ्या मांडीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

"तर मग, खरा मदतनीस कुत्रा असा परक्याकडे जातो का?" इमारतीचा कारभार पाहणारी बाई म्हणाली.

स्टुटगार्टच्या आमच्या इमारतीत कुत्रे पाळायला बंदी आहे. कुत्र्याचा मालक वरच्या मजल्यावरचा, त्याचं म्हणणं, फिट येण्याआधी कुत्रा आपल्याला इशारा देतो. ती थाप आहे, असं सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणत होते. त्या दिवशी मतदान झालं असतं, तर कुत्रा गेला असता.

माणूस सकाळी हळूहळू जिना उतरायचा, एक हात कठड्यावर, दुसरा कुत्र्याच्या पाठीवर. आमच्या दाराशी थांबून जिन्याच्या खिडकीबाहेर बघत राहायचा. तेवढ्यात मी कुत्र्याला तूप लावलेली पोळी घालायचे. वाटायचं, त्या माणसाला काही कळत नाही.

शेजारी बसून मला सगळं मराठीत सांगणाऱ्या माझ्या मुलाला मी म्हटलं, "सांग त्यांना, त्याला मी रोज पोळी घालते."

"आई, गप्प बस ना!"

"सांग म्हणते ना!"

त्यानं मान खाली घालून सांगितलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. तो माणूस हळूच काही बोलला आणि मुलानं मला मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, मला माहीत होतं. दिवसभर कुत्रा माझ्यावर लक्ष ठेवतो, त्याला जरा सुट्टी म्हणून दोन मिनिटं मी दुसरीकडे बघतो."

डॉक्टरांचा कागद येईपर्यंत मतदान थांबलं. कागद आला, कुत्रा राहिला.

त्या सभेत लाज गेली ती माझी, चौथी शिकलेल्या आणि जगाला खोटं ठरवत फिरणाऱ्या म्हातारीची.