वायर काढून बघणाऱ्या शालिनीताई

शालिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये कंट्रोल पॅनेल उघडून बसलो होतो. त्यांचा धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "अनिलभाऊ, ताई गेली सकाळी." मिलच्या आवाजात ते त्याला दोनदा सांगावं लागलं... पुढं ताईंच्या गावी, रेणापूरला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं उभी राहून बोलली. ताई शांत होत्या, सोशिक होत्या, कुणाचं मन त्यांनी कधी दुखवलं नाही. मी मागं बसून ऐकत होतो आणि मला राग येत होता. ताई सोशिक नव्हत्या. गरज पडली तेव्हा त्यांनी माणसं दुखवली, मुद्दाम दुखवली, आणि त्यांतला पहिला मी.

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही एकत्र होतो. डाळमिलची यंत्रं चालवणारी पॅनेलं तिथं बनायची. पॅनेलमधल्या चिपचा प्रोग्राम मी लिहायचो, ताई तो तपासायच्या. त्यांची सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नसे. अशा चिपमध्ये वॉचडॉग नावाचा एक टायमर असतो. 'मी चालू आहे' असं प्रोग्रामनं त्याला थोड्या थोड्या वेळानं कळवायचं. कळवलं नाही, तर प्रोग्राम कुठंतरी अडकलाय असं समजून तो चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. माझ्या प्रोग्राममध्ये वॉचडॉग होता, आणि मला त्याची मोठी घमेंड होती.

मग आमचं पॅनेल बसवलेल्या एका मिलमध्ये गफूरभाई नावाच्या कामगाराची बाही धान्य वाहणाऱ्या पट्ट्यात अडकली. पट्टा थांबला नाही. दुसऱ्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर गफूरभाईंची दोन बोटं गेली होती. मिलमालक म्हणाला, यानं बंदचं बटण दाबलंच नाही. आमच्या साहेबांनाही ते सोयीचं होतं. ताई मात्र मला ओढत दवाखान्यात घेऊन गेल्या. गफूरभाई उशीवरून मान उचलून म्हणाले, "मॅडम, दाबलो मी बटन. लई येळा दाबलो. खुदा कसम, थांबलंच न्हाई ते."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, शक्यच नाही. वॉचडॉग आहे त्यात."

"हाव? चल, बघू."

तसंच दुसरं पॅनेल त्यांनी टेबलावर घेतलं, मोटर चालू केली आणि धान्याची ओल मोजणाऱ्या सेन्सरची वायर उपटली. मिलच्या हादऱ्यांत ती अशीच निसटते. प्रोग्राम सेन्सरच्या उत्तराची वाट बघत जागच्या जागी थिजला. बंदचं बटण वाचायची ओळ त्याच्या पुढं होती, तिथवर तो पोचलाच नाही. ताई बटण दाबत राहिल्या, मोटर फिरत राहिली. आम्ही वॉचडॉगची वाट बघितली. चहा आला, गार झाला. वॉचडॉग ढिम्म. कारण त्याला कळवायची ओळ मी मुख्य प्रोग्रामात ठेवलीच नव्हती, टायमरच्या इंटरप्टमध्ये ठेवली होती. इंटरप्ट म्हणजे ठरल्या वेळी मधेच येऊन आपलं काम उरकून जाणारा तुकडा. बाकीचा प्रोग्राम मेला तरी तो येतच राहतो. तिथं ओळ टाकली की चिप उगाच रिसेट होत नाही, कटकट मिटते... म्हणून मी टाकली होती.

"वर्गात नसलेल्या पोराची हजेरी दुसरंच कुणी लावून राहिलंय," ताई म्हणाल्या. "आन् तू म्हणतोस, पोरगं वर्गात हाय."

साहेबांनी अहवाल आधीच टाइप करून ठेवला होता. यंत्रणेत दोष नाही, कामगाराची चूक. "मॅडम, सही करा. बाजारात नाव आहे आपलं."

"नाव परत मिळवता येईल, साहेब. बोटं न्हाई येणार."

ताईंनी तोच कागद उलटा केला आणि मागं स्वतःच्या हातानं लिहिलं. दोष प्रोग्राममध्ये आहे, कामगारानं बटण दाबलं होतं, चाचणीत सेन्सरची वायर काढून बघितली नाही ही चूक माझी. सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "तुझं तू ठरव." मी त्या दिवशी सही केली नाही. चौथ्या दिवशी केली. तोवरचे तीन दिवस ताई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

गफूरभाईंवरचा ठपका पुसला गेला. विकलेली पॅनेलं परत आली. नवा प्रोग्राम ताईंनी शेजारी बसून माझ्याकडून लिहून घेतला. प्रत्येक कामानं पूर्ण झाल्याची आपली खूण ठेवायची, इंटरप्टनंही फक्त स्वतःची. सगळ्या खुणा दिसल्या तरच मुख्य प्रोग्रामनं वॉचडॉगला कळवायचं. चिप रिसेट झाली तरी माणसानं चालू केल्याशिवाय मोटर फिरायची नाही. आणि बंदचं बटण सरळ मोटरचा पुरवठा तोडणारं, मधे प्रोग्रामच नको. "कुणाचा हात तुझ्या-माझ्या भरवशावर सोडायचा न्हाई," त्या म्हणाल्या. शेवटचं पॅनेल दुरुस्त होऊन गेलं, त्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ताई नांदेडला गेल्या आणि विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात लॅब शिकवू लागल्या.

शेवटची भेट नांदेडच्या दवाखान्यात. अंगावर वायरी, उशाशी टिकटिकणारा मॉनिटर. आवाज खोल गेला होता. "लई निवांत वाजून राहिलंय हे. खरंच मला बघतंय का? वायर काढून बघू का रे?" नर्स घाबरून धावत आली. ताई हसल्या, खोकल्या, परत हसल्या. माझे डोळे भरलेले बघून म्हणाल्या, "रडायचं काम न्हाई. जा, कामाला लाग."

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या लॅबमध्ये गेलो. लॅब सांभाळणाऱ्या संगीताबाईंनी टेबलावरची एक जाड वही दाखवली. ताईंनी सुरू केलेली. ज्यानं चूक केली त्यानं ती स्वतःच्या नावानं तिच्यात लिहायची. "तपासणीला समिती येणार हाय," बाई म्हणाल्या. "मोठे सर म्हणले, वही कपाटात ठेवा. मी म्हणलं, मग मलाबी कपाटात ठेवा." पहिल्या पानावर ताईंचं अक्षर होतं: 'वॉचडॉगला इंटरप्टमधून कळवणारा प्रोग्राम मी पास केला. एका माणसाची दोन बोटं गेली.' खाली सही. प्रोग्राम कुणी लिहिला, ते नव्हतं. इतकी वर्षं त्या पोरांना ही फक्त स्वतःची चूक म्हणून सांगत आल्या होत्या...

मी संगीताबाईंकडून पेन घेतला. खाली लिहिलं, 'तो प्रोग्राम मी लिहिला होता.' पूर्ण नाव घातलं, सही केली. बाईंनी वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि वही त्याच पानावर उघडी ठेवून दिली.