वेदांतच्या छातीचं ऑपरेशन आणि माझा जळफळाट

वेदांतचा मेसेज आला, "दादा, ऑपरेशनची तारीख मिळाली. येतोस ना गा?" सख्खे भाऊ नाही, पण आम्ही दोघंही मुली म्हणून वाढवले गेलेले पुरुष. छातीची शस्त्रक्रिया मी तीन वर्षांपूर्वीच करून घेतली, म्हणून वाटाड्या मीच. नाशिकहून नागपूरची गाडी पकडली. तुम्हीही या ऑपरेशनला जाणार असाल तर परतीचा बर्थ खालचाच काढा, टाके असताना वर चढता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्रही आधीच घ्या, त्याशिवाय तारीख मिळत नाही.

मनीषनगरात खोली मिळाली, दिवसाला आठशे. खाली तर्रीपोहे खात होतो, तेवढ्यात वेदांत आला आणि मागून त्याचे बाबा. भिवापूरला मिरचीचा व्यापार. मुलासाठी दुकान बंद ठेवून आलेले. त्या क्षणापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. छाती लहान असेल तर स्तनाग्राच्या कडेने छोटा छेद, मोठी असेल तर खाली दोन लांब. वेदांतला छोटा पुरणार होता. मला दोन लांब पडले होते. घ्या, इथेही तोच नशीबवान!

"बाकीचंबी आत्ताच करा लागते का, डॉक्टरसाहेब?" काकांनी, म्हणजे वेदांतच्या बाबांनी, विचारलं.

"नाही. गर्भाशय काढणं, खालची शस्त्रक्रिया, सगळं वेगळं, टप्प्याटप्प्याने. कितीतरी जण छातीवरच थांबतात. ज्याचं त्याने ठरवायचं."

संमतीपत्रावर वेदांतच्या सहीखाली काकांनी सही केली, नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहिलं. माझ्या कागदावर रूममेटची सही होती. मी पुरुष म्हणून राहतो हे घरी माहीत होतं, पण ऑपरेशनचं सांगितलंच नाही. बाबा नाही म्हणणार, हे मीच ठरवून टाकलं होतं.

आदल्या दिवशी काकांनी सीताबर्डीत लेकासाठी सहा बनियन घेतले. ऑपरेशननंतर हात वर जात नाहीत, पुढून बटणांचा शर्टच लागतो, हे मला पक्कं ठाऊक. तरी गप्प बसलो. जळकुकडा म्हणा मला.

ऑपरेशन होऊन दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी बनियन घालताना वेदांत कळवळला. काका माझ्याकडे वळले.

"तुले माहीत होतं का गा?"

"हो."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही त्याच्यासोबत आलात, म्हणून जळलो, काका."

 काकांनी अंगातला शर्ट काढून वेदांतला घातला, बटणं लावली आणि स्वतः नव्या बनियनवरच भिवापूरपर्यंत गेले. मला आणखीच हेवा वाटला.

नाशिकला आल्यावर राहवेना. गावी बाबांना फोन लावला, माझं ऑपरेशन सांगितलं, काकांनी अंगातला शर्ट काढून दिला तेही सांगितलं.  बाबा फणकाऱ्याने म्हणाले, "शर्ट काय, मीही दिला असता काढून. मला विचारलंस कधी?"