अक्काचे घुंगरू

माझी थोरली बहीण सुनंदा, आमची अक्का, जाऊन महिना झाला. तिच्याविषयी लिहायचं तर कोपरखैरण्याच्या त्या खोलीपासूनच सांगावं लागेल. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. आप्पा कांदा मार्केटात माथाडी, आई वाशीत धुणीभांडी करायची. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही पाच जण. आप्पा कामावरून आले की आम्ही सगळे भिंतीला टेकून बसायचो, तेव्हा कुठं त्यांना पाठ टेकता यायची.

आईच्या कामावरच्या एक बाई कथक शिकवायच्या. दारात उभी राहून पाय टाकणाऱ्या अक्काला त्यांनी एक दिवस आत बोलावलं, आणि तिनं ठरवूनच टाकलं, विशारद व्हायचं. पण घरी रियाज सुरू झाला त्याच संध्याकाळी खालच्या शिंदेकाकू जिना चढून आल्या.

"सुनंदे, आमटीत पोपडे पडतायत गं माझ्या. नाच, पण आवाज नको."

"बिनआवाजाचं कसं नाचू, काकू?"

"ते तुझ्या बाईंना इचार."

तिनं कुणालाच विचारलं नाही. घुंगरू सोडले, गोधडीची घडी अंथरली आणि काही वर्षं त्या घडीवर नाचली, बोल ओठातल्या ओठात म्हणत. क्लासमध्ये घुंगरू असायचे, पण दहा-बारा मुलींच्या आवाजात स्वतःचा वेगळा कुठला कळायला...

विशारदच्या परीक्षेला ती एकटी उभी राहिली. मी दाराशी होतो. तबला सुरू झाला, तिनं चार पावलं टाकली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "माझाच आवाज मधे आला रे." नापास झाली.

"झालं की आता," आप्पा म्हणाले. "स्थळं बघू."

"बघा. पण मी परत बसणार."

 पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी आप्पाच तिला मार्केटात घेऊन गेले. मुकादमाला सांगून एक रिकामा गाळा उघडून घेतला होता. पत्र्याखाली तिचं घुंगरू बांधलेलं एकेक पाऊल घुमायचं, कांद्याची सालं उडायची. ती एक पाय टाकायची, आवाज विरेपर्यंत ऐकत उभी राहायची, मग दुसरा. हळूहळू थांबणं कमी होत गेलं.

"घरी काकूंशी भांडण, हितं आवाजाशी," आप्पा गोणपाटावर बसून म्हणायचे. पण एकही सुट्टी चुकवली नाही त्यांनी.

पुढं मी बी.कॉम. झालो. घरातला पहिला पदवीधर म्हणून गावाकडं माझा सत्कार झाला, तेव्हा मी उठून सांगितलं ते इथंही लिहितो. अक्का माझ्या आधी वर्षभर, दुसऱ्या खेपेला, पहिल्या श्रेणीत विशारद झाली होती. आमच्या घरातली पहिली पदवी तिची.