तुराट्यांवरचे भजे

सरपणाला त्याचं जन्मगाव विचारणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच जन्मला आणि त्यानं हॉटेल टाकलं ते नेमकं माझ्या हॉटेलासमोर. सेनगावच्या स्टँडवर एवढी जागा रिकामी पडली होती, पण न्हाई! मी त्याला नुसतं ‘समोरचा’ म्हणायचो, नाव घ्यायची इच्छाच व्हायची नाही. नव्वदनंतरची गोष्ट. मोळीवाला आला की मी लाकडाचं वजन बघायचो. समोरचा मोळी सोडायचा, फांद्या हुंगायचा आणि झाड कुठलं, वठलेलं का हिरवं, कुणी तोडलं, अशी फौजदारासारखी चौकशी करायचा. एकदा रस्त्याकडेच्या कडुलिंबाच्या फांद्या आल्या तर म्हणाला, “ज्या लिंबाखाली बसून शिदोरी खाल्ली, त्याच्यावर भजे तळू व्हय?” ती मोळी मग माझ्याकडं आली आणि मी तिच्यावर खुशाल भजे तळले.

पुढं त्यानं लाकूड घेणंच बंद केलं. तूर काढल्यावर उरलेल्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, लोक ज्या बांधावर पेटवून देतात, त्या हा गाड्याच्या गाड्या विकत घ्यायला लागला. मी पोट धरून हसलो. तुराटी भसकन पेटते न् विझते, तिच्यापुढं माणूस बसवून ठेवावा लागतो. हा बाबा स्वतःच बसला, एकेक काडी सारत, हवा तेवढाच जाळ राखत. पार्सलला प्लास्टिकची पिशवी मागितली की पळसाची पानं पुढं करायचा आणि रस्सा पाहिजे तर घरून डबा आणा म्हणायचा. गिऱ्हाइकाला असं कुणी परत धाडतं का? पण लोक खरंच डबे आणायला लागले, एसटीचा कंडक्टरसुद्धा! तुराट्या घेऊन आलेला शेतकरी तिथंच भजे खायचा, बाजाराच्या दिवशी सोयऱ्यांना घेऊन यायचा आणि आपल्याच तुराट्यांवर तळलेत म्हणून त्यांना दुसरी प्लेट चारायचा. माझ्या बाकड्यांवर तेव्हा माशा बसायच्या. नुसता जळफळाट व्हायचा माझा. शेवटी लाज सोडून चुलतभावाकडं तुराट्या मागितल्या. तो म्हणाला, “न्हाई जमत दादा, त्येंना शब्द देऊन बसलो.” त्या वर्षी मी हॉटेल बंद करायच्या बेतात होतो.

बंद केलं नाही, कारण त्याचेच गुडघे गेले. दोन हजार सालानंतर कधीतरी तो नांदेडला लेकीकडं राहायला गेला आणि त्याचं सगळं गिऱ्हाईक माझ्याकडं आलं. बाकडी भरली. पण जो येतो तो माझे भजे खात त्याच्या भज्यांच्या गोष्टी सांगतो. वर मलाच विचारतात, “तुमी तर समोरच होते, लई खाल्ले असतील?” मी मान हलवतो. एकदा तो स्वतः पळसाच्या पानात गरम भजे घेऊन रस्ता ओलांडून आला होता. “शेठ, खाऊन तर बघा,” म्हणाला. मी वर पाहिलंच नाही. तो गेल्यावर ते पान उचलून कुत्र्यापुढं टाकलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते कुत्रंही त्याच्याच दारात बसायला लागलं. साऱ्या सेनगावात त्याचे भजे न चाखलेला मी एकटाच असेन. मला त्यांचा नुसता वास माहीत आहे.