जावेचं नाक आणि माझं डोकं

माझ्या नाकात काहीही दोष नाही, असं उल्हासनगरच्या एका डॉक्टरांनी मला सेहेचाळिसाव्या वर्षी सांगितलं आणि मी त्यांच्यावर भयंकर चिडले.

दोष नाही कसा? बदलापूरची माझी धाकटी जाऊ वैशाली, तिचं नाक त्यांनी पाहायला हवं होतं! सरळ, धारदार, देवाने फुरसतीत बसून केलेलं. माझं बहुधा जेवायला उठता उठता उरकलं. मला तिचा हेवा वाटतो. लग्नाचा कुठलाही अल्बम उघडला की वाटतो.

तरी इतकी वर्षं मी गप्प होते. पण यंदा सासूबाईंनी जाहीर केलं, "नातवाच्या साखरपुड्याआधी माझी मोत्यांची नथ एका सुनेला देऊन टाकणार. जिच्या नाकाला शोभेल तिला!" (बारा महिने राहणार अंबरनाथला आमच्याकडे, गुडघ्यांना तेल चोळणार मी, आणि निकाल नाकावर!)

मी गुपचूप उल्हासनगरच्या दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "भाभी, जैसा नाक चाहिए उसका फोटो भेजो. सामने से, और दोनों साइड से."

दुसऱ्या दिवशी कुरडयांचा डबा घेऊन मी बदलापुरात हजर. समोरचा फोटो तिने चहा पुढे केला तेव्हाच काढून झाला. राहिल्या दोन बाजू.

"वैशाली, डावीकडे बघ, पाल!"

"कुठाय?" क्लिक!

"आता उजवीकडे गेली!" क्लिक!

"ताई, पालीचा फोटो काढताय की माझा?"

"पालीचाच गं. आमच्याकडे अशी नसते."

घरी येऊन तिन्ही फोटो पाठवले, खाली लिहिलं, 'नाक डिट्टो असंच हवं. दुखणार नाही ना?' आणि निवांत चहा टाकला. तेवढ्यात हॉलमधून ह्यांचा आवाज, "अगं, फॅमिली ग्रुपवर हे काय टाकलंयस?"

हातातली साखर सांडली. डिलीट करायला धावले, तर घाईत ते फक्त माझ्या फोनवरून डिलीट झालं! म्हणजे मला सोडून अख्ख्या खानदानाला दिसत होतं. दिरांनी लिहिलं, 'वहिनी, हिचं नाक तुम्ही नेलंत तर हिला काय बसवू?' वैशालीने चार लाजरे चेहरे टाकून वर लिहिलं, 'ताई, आधी सांगायचं ना, पार्लरला जाऊन आले असते!' जळून कोळसा झाले मी.

अब्रू गेलीच होती, म्हणून निदान अपॉइंटमेंट तरी वाया घालवली नाही. डॉक्टरांनी नाक दाबून पाहिलं आणि ते वाक्य बोलले. मग विचारलं, "ऑपरेशन नक्की कोणासाठी करायचंय?"

"जावेसाठी," मी म्हणाले. "म्हणजे, जावेविरुद्ध."

"हाड कापावं लागतं, ताई."

"कापा!"

"आधी महिनाभर विचार करा," म्हणत त्यांनी मला घरी धाडलं.

इकडे ह्यांनी मेसेज वाचून दाखवल्यामुळे सासूबाई विरघळल्या होत्या. "एवढी हौस आहे तर घे बाई तूच नथ. ये, घालते."

मी ऐटीत नाक पुढे केलं. त्या नथेची तार घेऊन कितीतरी वेळ चाचपडत राहिल्या. "अगं, भोक कुठाय?"

भोक नव्हतंच! जन्मभर मी चापाची नथ लावत आलेली. नाकाची उंची, धार, शेंडा, सगळ्याचा विचार केला, पण ते टोचलेलं नाही हे काही डोक्यात आलं नाही.

"मग सोनाराकडून टोचून ये," सासूबाई म्हणाल्या. "आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर नथ बदलापूरला!"

सोनाराने तार उचलली तशी मी खुर्चीसकट मागे सरकले. "भूल कोण देणार?" मी ओरडले. हाड कापून घ्यायला निघालेली बाई मी! शेजारी पाचेक वर्षांची एक मुलगी नुकतंच नाक टोचून बसली होती. तिला माझी दया आली. तिने माझा हात धरला. "डोळे मिट ना आजी, कळत पण नाही!"

आजी?

मी पर्स उचलून तडक बाहेर पडले. नथ त्याच संध्याकाळी बदलापूरला गेली म्हणे. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवरूनच डॉक्टरांना फोन लावला होता, "नाक राहू दे हो. सुरकुत्यांचं काही करता का?"