पाठीमागून दोन टाळ्या

नेस्तोर पालमारेस हा इलोइलो शहरचा, रुंद खांद्यांचा, बास्केटबॉलवर पोट भरणारा मनुष्य. त्याच्या नावाचा गजर कधी झाला नाही. प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे आणि कडीवर आपटून उसळलेला चेंडू पकडून तरुणांच्या हाती देणे, एवढेच त्याचे काम. करार सहसा एका हंगामाचा असे. तो संपला की सदरा परत करायचा, बूट पिशवीत घालायचे आणि दुसऱ्या बेटाची बोट धरायची.

आता तो बातांगास शहराच्या संघात होता आणि चौतिशी उलटली होती. सामन्यापूर्वी प्रशिक्षकांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले की आज जिंकलो तर तू हंगामभर राहशील. हरलो तर संघ मोडेल, आणि या वयात तुला दुसरे कोणी घेईल असे वाटत नाही.

समोरच्या संघात दान्तोय एस्कारियो होता. दोघे पूर्वी एकाच संघात खेळत, एका खोलीत राहत, बाचोय हे नूडल्सचे सूप एकाच वाडग्यातून खात. त्या काळी त्यांची एक खूण ठरलेली होती. नेस्तोर पाठीशी येऊन दोन टाळ्या वाजवी आणि दान्तोय मागे न बघता चेंडू त्याच्याकडे फेकी. वयाने लहान असलेला दान्तोय त्याला थोरल्या भावासारखे 'मानोंग' म्हणे. आज हरल्यास त्याचाही करार संपणार होता.

"मानोंग, आज जरा म्हाताऱ्यासारखं खेळ हं," सामन्याआधी दान्तोय हसत म्हणाला होता. "मला इतक्यात घरी जायचं नाहीये."

"मग मी कुठं जाऊ, बाळा?"

शेवटचे काही क्षण उरले. बातांगास एका गुणाने मागे होते. चेंडू दान्तोयकडे होता. तो नुसता धरून ठेवला तरी सामना त्यांचा. मैदानाच्या मध्यावर बातांगासच्या दोन तरुणांनी त्याला समोरून घेरले. नेस्तोर त्याच्या पाठीशी पोहोचला. त्याने हात उचलले, पुन्हा खाली घेतले. मग त्याने दोन टाळ्या वाजवल्या.

दान्तोयच्या मनाला कळण्याआधीच त्याच्या हातांनी चेंडू देऊन टाकला होता. नेस्तोरने धावत जाऊन तो जाळीत टाकला आणि शिटी वाजली.

हस्तांदोलनाच्या रांगेत दान्तोयने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

"आता न बघता चेंडू कुणाला देऊ, मानोंग?"

सोमवारी सरावाला ये, असे प्रशिक्षकांनी नेस्तोरला लांबूनच सांगितले. सहकारी त्याच्याभोवती जमून टाळ्या वाजवू लागले, तेव्हा त्याने त्यांना थांबायला सांगितले.